कुणी सांगितलं होतं सुरू व्हायला?

महिन्याला काही शे रुपये भरले की भाड्याने सर्व्हर मिळतो. कुणी कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी घेतो, कुणी मित्राच्या दुकानाच्या वेबसाइटसाठी, कुणी नुसतं शिकायला. अशा कुठल्याही सर्व्हरच्या मालकाला एक प्रश्न विचारून बघा. हे मशीन आत्ता बंद पडून परत चालू झालं, तर त्यावर आपोआप काय काय सुरू होईल? उत्तर साधारण असं येतं: "वेबसाइट होईल, डेटाबेस होईल... आणि ते सिस्टिमचं नेहमीचं असतं ते."

माझं भांडण या ‘ते नेहमीचं असतं ते’शी आहे.

त्या चार शब्दांत वीस-तीस प्रोग्रॅम लपलेले असतात. त्यातले काही नेटवर्कवर कान लावून बसलेले असतात, काहींच्या हातात सगळ्या मशीनचा अधिकार असतो. त्यांना कामावर कुणी घेतलं, हे मालकाला माहीत नसतं. माझा दावा सरळ आहे. मालकाने सांगितल्याशिवाय सर्व्हरवर कुठलीही सर्व्हिस आपोआप सुरू होता कामा नये. सॉफ्टवेअर बसवणं हे एक काम, ते चालू करणं हे दुसरं, आणि मशीन चालू होईल तेव्हा तेही चालू व्हावं असं ठरवणं हे तिसरं. या तिन्ही कामांची मोट बांधून ‘सोय’ म्हणून आपल्या हातात ठेवणं बंद झालं पाहिजे.

मस्टरवरची नावं

लिनक्सवर ‘स्टार्ट’ आणि ‘इनेबल’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. स्टार्ट म्हणजे माणसाला आज, आत्ता कामाला लावणं. इनेबल म्हणजे मस्टरवर त्याचं नाव चढवणं. उद्या गेट उघडलं की तो न सांगता हजर. आज कामावर असलेल्याचं नाव मस्टरवर नसू शकतं, आणि मस्टरवर नाव असलेला आज बसून असू शकतो. रोजगार हमीच्या कामांवरची बोगस मस्टरं ज्यांनी ऐकली-पाहिली आहेत, त्यांना हा फरक वेगळा समजावून सांगायची गरज नाही.

हे मस्टर गूढ वगैरे काही नाही. आजच्या बहुतेक लिनक्सवर मशीन उठवण्याचं काम सिस्टिमडी करतो. तो २०१० साली आला आणि २०१५ पासून डेबियन आणि उबुंटू या दोन्हींचा डीफॉल्ट झाला. बूट होताना तो काही ठरावीक फोल्डर बघतो. इनेबलची आज्ञा दिली की ‘ईटीसी’च्या पोटातल्या एका फोल्डरात त्या सर्व्हिसच्या फाइलकडे बोट दाखवणारी एक लिंक पडते. डिसेबल केलं की ती लिंक निघते. त्याआधीच्या जमान्यातही लिंकाच होत्या. नावाची सुरुवात ‘एस’ने असेल तर सुरू करायचं, ‘के’ने असेल तर थांबवायचं. म्हणजे पद्धत बदलली, पण मूळ प्रश्न तोच राहिला: त्या फोल्डरात लिंक टाकतं कोण?

इथे लिनक्सच्या दोन मोठ्या घराण्यांचे रस्ते वेगळे होतात.

डेबियन आणि त्यातून निघालेल्या उबुंटूच्या घरात ती लिंक पॅकेज स्वतःच टाकतं. अपाचे बसवायची आज्ञा द्या. ती संपेपर्यंत वेब सर्व्हर ८० नंबरच्या पोर्टवर उभा असतो, त्याचं स्वागताचं पान जगाला दाखवत असतो आणि मस्टरवर नावही लागलेलं असतं. तुम्ही फक्त ‘बसव’ म्हणाला होता.

रेड हॅट आणि फेडोराच्या घरात पॅकेजला परस्पर ठरवायचा अधिकार नाही. तिथे ‘प्रीसेट’ नावाच्या याद्या असतात. कुठल्या सर्व्हिसेस सुरुवातीपासून चालू असाव्यात, त्यांची नावं तिथे लिहिलेली असतात. सगळ्यात शेवटच्या यादीत कामाची एकच ओळ असते, आणि तिचा अर्थ ‘उरलेलं सगळं बंद’ असा आहे. त्या घरात अपाचे बसवला तरी तुम्ही सांगेपर्यंत तो गप्प पडून राहतो. नवख्या माणसाला पहिल्या दिवशी याचा वैताग येतो. मला वाटतं, त्या दिवशी तो एक गोष्ट शिकतो जी उबुंटूवाला पाच वर्षांत शिकत नाही.

किंमत कुणी मोजली

रेड हॅटचं घराणं पहिल्यापासून शहाणं होतं असं मात्र नाही. जानेवारी २००१ मध्ये ‘रामेन’ नावाचा वर्म इंटरनेटवर पसरला. त्याने धरलं ते रेड हॅटच्याच ६.२ आणि ७.० या आवृत्त्यांना. तो तीन दारांतून शिरायचा: फाइल पाठवायचा एक सर्व्हर, नेटवर्कवरून फाइली वाटणाऱ्या यंत्रणेतली एक मदतनीस सर्व्हिस आणि छपाईची सर्व्हिस. ही भोकं बुजवणारे पॅच आधीच निघालेले होते. पण जी गोष्ट आपल्याकडे चालू आहे हेच माहीत नाही, तिचा पॅच कोण लावणार? या वर्मचा विक्षिप्तपणा असा, की आत शिरल्यावर तो ज्या दारांनी आला ती दारं बंद करत असे. मालकाने करायचं काम चोराने केलं.

सतरा वर्षांनी, २८ फेब्रुवारी २०१८ ला गिटहबवर सेकंदाला १.३५ टेराबिट इतक्या वेगाने कचरा येऊन आदळला आणि साइट काही मिनिटं डळमळली. हा मारा करायला हल्लेखोरांनी कुणाचं मशीन फोडलं नव्हतं. मेमकॅश्ड नावाचं एक साधं, उपयोगी सॉफ्टवेअर जगभरच्या सर्व्हरांवर चालू होतं. त्याला ११२११ नंबरच्या पोर्टवर यूडीपीने विचारलं की ते न ओळखता उत्तर द्यायचं. १५ बाइटच्या प्रश्नाला ७५० किलोबाइटपर्यंत उत्तर गेल्याचं क्लाउडफ्लेअरने नोंदवलं. प्रश्नावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून गिटहबचा पत्ता टाकला की झालं. मेमकॅश्ड वापरणाऱ्या बहुतेकांना यूडीपी लागतच नव्हतं. ते चालू होतं, कारण डीफॉल्ट तसं होतं. पुढच्या आवृत्तीत ते डीफॉल्टच बंद करून टाकलं. वर्षानुवर्षं एका डीफॉल्टने घातलेला घोळ एका ओळीच्या बदलाने आवरला.

आणि सप्टेंबर २०२४. सिमोने मार्गारितेल्ली या सुरक्षा-संशोधकाने दाखवून दिलं, की नेटवर्कवरचे प्रिंटर शोधणारी ‘कप्स-ब्राउज्ड’ ही सर्व्हिस ६३१ नंबरच्या पोर्टवर सगळ्या जगाचं ऐकत बसते. कुणीही बाहेरून एक पॅकेट पाठवावं आणि ‘मी प्रिंटर आहे’ म्हणावं. ही सर्व्हिस ते मान्य करते. मग त्या खोट्या प्रिंटरवर कुणी काही छापायला गेलं, की हल्लेखोराची आज्ञा मशीनवर चालते.

"पण सर्व्हरवर छापतंय कोण?" हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला, आणि तो बरोबर होता. फक्त त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. सर्व्हरवर कुणी छापत नाही, तर प्रिंटर शोधणारी सर्व्हिस तिथे करते काय? काही दिवसांतच अकामाईने दाखवलं, की छापायचीही गरज नाही. एका पॅकेटने अशा मशीनला तिसऱ्याच कुणावर विनंत्यांचा मारा करायला लावता येतो. इंटरनेटवर उघडी पडलेली अशी १,९८,००० हून जास्त मशीन त्यांना सापडली.

या प्रकरणातला एक तपशील माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. रेड हॅटने तेव्हा जाहीर केलं, की दोष असलेला कोड त्यांच्या लिनक्समध्येही आहे, पण मूळ मांडणीत त्यांच्याकडे धोका नाही, कारण ही सर्व्हिस डीफॉल्टने बंद असते. कोड सारखाच होता आणि चूकही सारखीच होती. फरक पडला तो ‘चालू की बंद’ एवढ्या एका निर्णयाने, आणि तो निर्णय चूक सापडायच्या कितीतरी आधी घेतलेला होता. सुरक्षेच्या नावाखाली विकत घेतलेलं कुठलं महागडं उत्पादन याहून स्वस्तात काम करतं, ते मला दाखवा.

चार हरकती

पहिली हरकत डेबियनवाल्यांची, आणि ती सगळ्यात दमदार आहे. सर्व्हर-सॉफ्टवेअर कुणी शोभेला बसवत नाही. नको असेल तर बसवू नका. शिवाय डेबियनचे स्वयंसेवक डीफॉल्ट जपून ठरवतात. तिथे पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी बसवला तर तो मशीनच्या आतच ऐकतो, बाहेर तोंड काढत नाही. हे खरं आहे आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण ‘नको तर बसवू नका’ हे तेव्हा चालेल, जेव्हा जे बसतं ते सगळं मी मागितलेलं असेल. डेबियनचा ‘अ‍ॅप्ट’ मूळ मांडणीत शिफारस केलेली पॅकेजंही सोबत बसवतो. एक मागितलं की पाच येतात. त्या पाचांतलं एखादं स्वतःच मस्टरवर नाव चढवून घेतं. लग्नाला एकाला बोलावलं आणि तो गावकीच घेऊन आला, तर पंगत वाढवणाऱ्याला ‘तूच बोलावलंस’ म्हणून ऐकवायचं का? आणि मी खरंच मागितलेल्या सॉफ्टवेअरचंही आधी सेटिंग करायचं असतं, मग ते चालू करायचं असतं. या घराण्यात ते आधी चालू होतं आणि सेटिंग मागाहून होतं. मधली काही मिनिटं किंवा काही आठवडे ते कुणा दुसऱ्याच्या अंदाजावर चालतं.

गंमत म्हणजे याची अडचण डेबियनलाही ठाऊक आहे. ‘पॉलिसी-आरसी-डी’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आणि तिने १०१ हा आकडा परत दिला, की पॅकेज बसताना सर्व्हिस सुरू होत नाही. डॉकरसाठीच्या डेबियनच्या अधिकृत इमेजमध्ये ही स्क्रिप्ट आधीच घातलेली असते. म्हणजे कंटेनरमध्ये ‘बसवलं की सुरू’ नको, हे सगळ्यांना मान्य आहे. मग भाड्याच्या सर्व्हरवर बसलेल्या पोरीनेच का सोसायचं?

दुसरी हरकत: फायरवॉल आहे ना! आहे, पण फायरवॉलसुद्धा एक सर्व्हिसच आहे. तिचं नाव मस्टरवर नसेल, तर रीबूटनंतर तुमचं सगळं उघडं. उबुंटूमध्ये ‘यूएफडब्ल्यू’ आधीपासून बसवलेला असतो, पण तुम्ही चालू करेपर्यंत तो बंद असतो. म्हणजे पॅकेज बसवलं की बाकीच्या सर्व्हिसेस स्वतःहून उठतात आणि पहारेकरी तेवढा हाक मारल्याशिवाय उठत नाही. त्यात डॉकरने बाहेर उघडलेली पोर्टं यूएफडब्ल्यूच्या नियमांना वळसा घालून जातात, हे कित्येकांना फार उशिरा कळतं. कुलूप लावाच. पण घरात कोण कोण राहतंय ते मोजायला कुलूप उपयोगाचं नाही.

तिसरी हरकत: नव्या मुलांना अवघड जाईल. या हरकतीचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ती मुलांच्या नावाने केली जाते आणि नुकसान त्यांचंच करते. ‘आधी सेटिंग कर, मग सुरू कर, नीट चालतंय दिसलं की इनेबल कर’ या तीन ओळी दहावीतल्या पोराला समजतात. ट्युटोरियलं त्याला त्याऐवजी ‘इनेबल’पुढे ‘नाऊ’ जोडून एका दमात दोन्ही करणारी ओळ देतात. तो ती चिकटवतो, साइट दिसते, तो खूश होतो. आपण दोन निर्णय घेतले आणि त्यातला एक कायमचा होता, हे त्याला कुणी सांगत नाही.

चौथी हरकत क्लाउडवाल्यांची: आता सगळं कंटेनरमध्ये असतं, सर्व्हर येतात-जातात, मस्टर कोण बघतो? कंटेनर कुठल्यातरी लिनक्सवरच चालतो, आणि त्या लिनक्सला मस्टर असतं. कंटेनरचंही असतं. डॉकरला रीस्टार्टबद्दल काही सांगितलं नाही, तर मशीन उठल्यावर तो कंटेनर उठत नाही. ‘नेहमी’ असं सांगितलं, तर महिन्यापूर्वी प्रयोग म्हणून लावलेला कंटेनरही हजर होतो. प्रश्न गेलेला नाही. त्याने पत्ता बदलला आहे.

उलट्या बाजूचं पाप

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल, की सगळं बंद ठेवलं की झालं. तसं नाही. नाव न लावणं हाही निष्काळजीपणाच आहे, आणि आपल्याकडे तो जास्त दिसतो.

कुणीतरी रात्री दोन वाजता सर्व्हिस हाताने स्टार्ट केली. साइट चालली. माणूस झोपला. वर्षभर सर्व्हर हलला नाही. ‘आमचा सर्व्हर चारशे दिवस बंद पडलेला नाही’ असं अभिमानाने सांगितलं जातं. माझ्या कानाला ते असं ऐकू येतं: आमचं मशीन परत उठेल की नाही, हे आम्हाला चारशे दिवस माहीत नाही. शिवाय लिनक्सच्या गाभ्याचे बहुतेक पॅच रीबूट केल्याशिवाय लागू होत नाहीत, म्हणजे ते चारशे दिवस बहुधा जुन्याच गाभ्यावर गेले आहेत. मग एक दिवस भाड्याने देणारी कंपनी देखभालीसाठी मशीन बंद-चालू करते. वेबसाइट उठते, डेटाबेस उठत नाही. रोज रात्री बॅकअप घेणारं काम तर उठत नाहीच, आणि त्याची उणीव बॅकअप हवा असतो त्या दिवशी कळते.

याला आता कायद्याचीही बाजू आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्यांनी, डेटा सेंटरांनी आणि सरकारी संस्थांनी सायबर घटना ६ तासांत कळवायच्या आहेत, लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत आणि मशीनची घड्याळं अधिकृत वेळेशी जुळवून ठेवायची आहेत. लॉग लिहिणं ही सर्व्हिस आहे. घड्याळ जुळवणं हीसुद्धा सर्व्हिस आहे. रीबूटनंतर या दोन्ही गप्प राहिल्या, तर चोरी झाली हे कळेल, पण किती वाजता आणि कुठून, ते सांगता येणार नाही.

न सांगता सुरू झालेली सर्व्हिस आणि सुरू व्हायला हवी होती ती न झालेली, या दोन्हींचं मूळ एक आहे. मस्टर कुणी लिहिलेलंच नाही. ते साचत गेलंय.

मग करायचं काय

एक तास लागतो. सिस्टिमसीटीएलला इनेबल असलेल्या फाइलींची यादी मागा. ती यादी कागदावर उतरवा, हो, कागदावरच. प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा: हे का हवं? ‘माहीत नाही’ हेही उत्तर चालेल, पण ते लिहा. मग ‘एसएस’ ही आज्ञा वापरून कुठला प्रोग्रॅम कुठल्या पोर्टवर ऐकतोय ते बघा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जे बाहेरचं ऐकतंय आणि ज्याच्यापुढे ‘माहीत नाही’ लिहिलंय, तिथून सुरुवात करा. ते काय आहे ते वाचा. नको असेल तर थांबवा, डिसेबल करा, आणि पॅकेजच नको असेल तर काढूनच टाका.

दोन ठिकाणी फसगत होते. ‘डिसेबल्ड’ दिसलं म्हणजे ती सर्व्हिस सुरू होणारच नाही, असं नाही. काही सर्व्हिसेसच्या दारात ‘सॉकेट’ नावाचा हरकाम्या बसलेला असतो. कुणी दार वाजवलं की तो आतल्याला उठवतो. उबुंटू २४.०४ मध्ये एसएसएचची सर्व्हिस ‘डिसेबल्ड’ दिसते आणि तरी तुम्ही बाहेरून आत येता, ते यामुळेच. म्हणून सर्व्हिससोबत तिचं सॉकेटही बघायचं. आणि दुसऱ्या सर्व्हिसला गरज लागली तर डिसेबल केलेलीही ओढून उभी केली जाते. कुणीही, कुठल्याही कारणाने उठवू नये असं वाटत असेल, तर ‘मास्क’ करायचं. मग तिचं नाव थेट ‘नल’कडे वळवलं जातं. गेटवरच्या वॉचमनला फोटो देऊन ठेवल्यासारखं: हा आला तर आत सोडायचा नाही.

उत्साहाच्या भरात एसएसएच, नेटवर्क, घड्याळ, लॉग आणि आपोआप सुरक्षा-अपडेट यांना हात लावू नका. यांच्यापुढे ‘का हवं’ची ओळ सहज लिहिता येते. एसएसएच बंद केलात तर ती ओळ तुम्हाला दाराबाहेर उभं राहून लिहावी लागेल.

आणि शेवटी रीबूट करा. कामाच्या दिवशी, दुपारी, चहा झाल्यावर, सगळे जागे असताना, स्वतःच्या हाताने. जे उठायला हवं ते उठलं का, आणि जे उठायला नको ते झोपलेलं राहिलं का, ते त्या कागदाशी ताडून बघा. हे न करता ‘आमचं सगळं व्यवस्थित आहे’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

डीफॉल्ट कुणाचं?

बहुतेक माणसं डीफॉल्ट कधीच बदलत नाहीत. म्हणून डीफॉल्ट ठरवणारा माणूस त्या सगळ्यांच्या वतीने निर्णय घेत असतो, त्यांना न विचारता. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही लिनक्सच आहे. त्यावर सकाळपासून न उघडलेली किती अ‍ॅपं आत्ता जागी आहेत, ते सेटिंगमध्ये जाऊन बघा. फोनवर आपण हे सोसतो, कारण तिथे आपल्या हातात फारसं काही ठेवलेलंच नाही. सर्व्हरवर मात्र शेवटच्या लिंकेपर्यंत सगळं आपल्या हातात आहे. तिथेही आपण तेच सोसत असू, तर दोष कंपनीला देता येणार नाही.

डेबियन आणि उबुंटूने बसवणं आणि सुरू करणं यांची गाठ सोडवावी. निदान बसवताना एकदा विचारावं. ती मागणी आपण करत राहायला हवी. पण ते होईपर्यंत मस्टर तर आपल्याच हातात आहे, आणि आज ते वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. आज रात्री लॉगिन कराल तेव्हा ती यादी उघडा आणि तिच्यातल्या पहिल्या अनोळखी नावाला विचारा, तुला कुणी सांगितलं होतं सुरू व्हायला?